पाठीवर चालणारे किडे

खरं सांगते बायांनो, मी धाकट्या जावेवर जळायची. मी चार यत्ता शिकलेली, ती अंगठा उठवणारी. पण तिचा भाऊ महाराजांच्या पागेत घोडे राखणारा मोतद्दार, म्हणून घोड्यांची लीद तिच्या खतखड्ड्यात आणि आमच्या बावडा गावातला सगळ्यात उंच ऊस तिचा!

त्या साली माझा ऊस मुळातनं वाळायला लागला. मी तिचा खतखड्डा उकरला, तर आत पांढरे, जाडे किडे. मूठभर आणून सासऱ्यांपुढं टाकले. "मामंजी, ही मुळं खाणारी हुमणी! हिच्या खड्ड्यातनं माझ्या उसात आली. बुजवा तो खड्डा."

जाऊ म्हणाली, "आक्का, जरा बघा की." किडे उताणे झाले आणि पाय वर करून पाठीवरच सरपटत निघाले. "हे खतातले, मुळं खात न्हाईत. हुमणी अशी चालत न्हाय. वेटोळं करून कुशीवर पडती."

मामंजींनी माझ्या उसाचं एक बेट उपटलं. खाली आठ-दहा किडे, सगळे वेटोळं करून कुशीवर.

"थोरलीबाई, आता काय बुजवू?"

"काय बी बुजवा," मी म्हटलं, "पण देवानं किडेसुद्धा चांगले तिलाच दिले!"