ढाळावरचा नारळ

मी बेलवलीचा. आमची भाताची दोन खाचरं व्हती, त्यात चार भावांचं पोट कुठं भरणार, म्हणून मोठा दादा अंबरनाथला कारखान्यात खलाशी झाला आन् मागून मलाबी घेऊन गेला. खलाशी म्हंजे बोटीवरचा नाय, जड मशिनी हलवणारा. तेव्हा क्रेनबिन कुठली, लोखंडी पाईप टाकायचे, त्यावर मशीन चढवायची, पुढं सहा माणसं दोर ओढणार, मागं चार माणसं दोर धरून ठेवणार. फाळणीनंतर शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी लोक आले, त्यातला टेकचंद आमच्या टोळीत आला. त्याला मराठी येत नव्हतं, पण कामाला खमक्या.

काय सांगू तुम्हाला, दादा शाळेत गेला नव्हता, पण वजनाचं त्याला सगळं कळायचं. बोलायचा, सपाटीवर मशीन हलता हलत नाय आन् एकदा हलली की आपणहून लवकर थांबत नाय. आन् ढाळावर ती उभी दिसली तर फसू नको, तिचं वजन तिला खाली ओढतंय आन् तू तेवढंच मागं ओढतोयस, म्हणून ती गप हाय. मी हो हो करायचो. मनात यायचं, हा उगाच मास्तरकी करतो, जेवतानाबी तेच. वहिनी हसायची, बोलायची, भावाला जेवू तरी द्या.

मग ती मोठी लेथ मशीन आली. नव्या शेडची जमीन रस्त्याच्या खाली, म्हणून मातीचा ढाळ केला, त्यावर फळ्या टाकल्या. मशीन दारातून आत न्यायच्या आधी नारळ फोडायचा ही आमची रीत, त्याशिवाय कुणी तिला आत घेणार नाय. दर वेळी सपाटीवर फोडायचो. त्या दिवशी उंबरा ढाळाच्या खालच्या टोकाला आन् मशीन अर्ध्यावर. पुढचे सहा जण बाजूला झाले. एक जण बोलला, पाईपाला पाचर मारू का. साहेब घड्याळ बघत व्हते, मुहूर्त टळत व्हता. दादा बोलला, दोन मिनिटांचं काम, धरून ठेवा. मागच्या दोरावर मी, टेकचंद आन् दुसरे दोघं. दादा मशीनकडं पाठ करून उंबऱ्यापाशी उकिडवा बसला, हळदकुंकू वाहिलं, नारळ आपटला.

आन् मी हात जोडले.

लहानपणापासनं नारळ फुटला की हात जोडायचे, ते डोक्याला विचारून होत नाय हो. एका माणसाचा जोर कमी झाला, बस, तेवढंच. मशीन आधी सावकाश हलली, मी बघितलंय, अगदी सावकाश, मग वेग घेत गेली. दुसरे दोघं फरफटले, त्यांनी दोर सोडला. टेकचंदनं एकट्यानं धरला, त्याच्या तळहाताची सालटी दोराला चिकटून गेली, पण एकट्याच्यानं काय होतंय. मी ओरडलो का नाय तेबी आठवत नाय. मशीन शेडच्या खांबाला जाऊन थांबली, तोवर दादा संपला व्हता.

मुकादमानं दोर निसटला असं लिहिलं. टेकचंदनं सगळं बघितलं व्हतं, तो कधी कुणाला बोलला नाय, मीबी नाय. वहिनीला आन् तिच्या पोरीला मी माझ्याकडं आणलं. सात वर्षं तिच्या हातचं जेवलो. शेवटी एक दिवस राहवलं नाय, सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत व्हती, तिचा हात थांबला नाय.

"भावजी, त्यांना घेऊन तुम्ही दोघं दारात आला ना, तेव्हाच कळलं मला. टेकचंदच्या हातांना रक्ताची फडकी बांधलेली. तुमच्या हातांना काही झालं नव्हतं."

सात वर्षं ठाऊक असून ती मला वाढत व्हती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, त्याच दिवशी दिल्या असत्या तर आणखी बरं. मी पोरासारखा रडलो आन् ती निवडत राहिली. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाय, आता व्हायचंबी नाय. ऐका, वहिनी आतून हाक मारतेय. तुमचंबी पान घेतलंय तिनं, चला.