एकतिसाव्या आठवड्याचे लाल कुलूप

नाव व पत्ता: सोबत जोडलेल्या ओळखपत्राच्या प्रतीप्रमाणे. वय: २९ वर्षे. व्यवसाय: लिफ्ट तपासणी व दुरुस्ती, परवानाधारक तंत्रज्ञ.

पोलीस ठाण्यात साहेबांनी समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आईसह राहते. तळ्याकाठच्या रिसॉर्टच्या मॅनेजरांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की मी त्यांना फसवून त्यांची सही घेतली. त्याबाबत मला माहीत असलेली हकिगत पुढीलप्रमाणे.

माझे वडील लिफ्ट मेकॅनिक होते. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी या रिसॉर्टमध्ये टाइमशेअर घेतला. म्हणजे दरवर्षी एकतिसावा आठवडा फ्लॅट क्रमांक १४ त्यांचा. मुदत पन्नास वर्षे. देखभाल शुल्क येणाऱ्यालाही लागू, न येणाऱ्यालाही लागू. वडील दरवर्षी एकटेच जात. आईला ते सांगत की तिथे ओल फार आहे, तुझे गुडघे धरतील. मला ते काही सांगत नसत आणि मी विचारत नसे.

गेल्या वर्षी तिथून परत आल्यावर बाराव्या दिवशी ते वारले.

त्यानंतर मी टाइमशेअर रद्द करण्यासाठी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला चार पत्रे पाठवली. प्रत्येकासोबत मृत्यूचा दाखला जोडला. चारही उत्तरे वडिलांच्या नावे आली. चौथे असे होते: ‘आपल्या निधनाबाबतचे आपले पत्र मिळाले. पुढील कार्यवाहीसाठी आपण स्वतः रिसॉर्टवर उपस्थित राहावे.’ मूळ पत्र मी हजर करत आहे.

यंदा एकतिसाव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी मी व आई रिसॉर्टवर पोहोचलो. मॅनेजरांना मी वडिलांचे सभासद कार्ड दाखवले. कार्डावरचा फोटो पाहून ते उठून उभे राहिले. म्हणाले, “लिफ्टवाले काका! कुठायत? वर्षभर डोळे लावून बसलोय.”

मी ते वारल्याचे सांगितले.

“अरेरे,” मॅनेजर म्हणाले. “मग आता कुलूप कोण काढणार?”

चौकशी करता समजले ते असे. वडील दरवर्षी पहिल्या दिवशी तळ्यात पोहत आणि उरलेले सहा दिवस गच्चीवरच्या मशीन रूममध्ये काढत. रिसॉर्टची लिफ्ट अकरा वर्षे त्यांनीच राखली होती. पैसे घेतले नव्हते. हे सर्व स्वागत कक्षातील बाईंनी सांगितले. त्यावर आई म्हणाली, “म्हणजे आठवडा विकत घेऊन यांच्याकडे फुकट नोकरी केली.” थोड्या वेळाने ती म्हणाली, “मला वाटलं होतं बाईबिई असेल. लिफ्ट निघाली.” ती हसली की नाही हे मला सांगता येत नाही, मी त्या वेळी रजिस्टरमध्ये नोंद करत होते.

गेल्या वर्षी वडिलांना ब्रेकची पट्टी झिजलेली आढळली. त्यांनी मुख्य स्विचला स्वतःचे लाल कुलूप लावले आणि मॅनेजरांना बजावले की माझ्याशिवाय कुणी काढायचे नाही, काढलेत तर माणूस जाईल. आमच्या कामात हा नियमच आहे. ज्याचे कुलूप, त्यानेच काढायचे. त्यामुळे लिफ्टच्या ठेकेदाराच्या माणसांनीही हात लावायला नकार दिला. नवीन सभासद पटवण्याची खोली चौथ्या मजल्यावर आहे. वर्षभर गिऱ्हाइके चार जिने चढून, धापा टाकत तिथे पोहोचत आणि खुर्चीत बसता बसताच नको म्हणत.

मी मॅनेजरांना आधी आमचा टाइमशेअर रद्द करून द्या असे सांगितले. ते म्हणाले, “सभासदाने स्वतः समोर येऊन सही करावी लागते.”

“ते गेले हो,” आई म्हणाली.

“ते मला समजलं काकू, वाईट वाटलं. पण आमच्या नोंदीत ते हयात आहेत.”

“मग हाक मारा त्यांना. माझं तर ते हयात असतानाही ऐकत नव्हते.”

नियम पुस्तिकेतील कलम २२ मी त्यांना वाचून दाखवले. सभासद हयात नसल्याचे रिसॉर्टच्या प्रमुखाने लेखी दिल्यास, आणि वारसाने हस्तांतरण अर्जावर सही केलेली नसल्यास, करार संपतो. मॅनेजर म्हणाले की तसे लेखी द्यायची वरून मनाई आहे. त्याऐवजी त्यांनी आईपुढे हस्तांतरण अर्ज ठेवला आणि सोबत चाकांची प्रवासी बॅग भेट असल्याचे सांगितले. आईने बॅगेची चेन दोनदा उघडून पाहिली. पेन तिच्या हातात होते. सही झाली असती तर उरलेली एकोणचाळीस वर्षे आईच्या आणि तिच्यानंतर माझ्या गळ्यात पडली असती. मी पेन काढून घेतले. “अगं, मी चेन बघत होते,” असे आई म्हणाली.

त्यानंतर मॅनेजरांनी मला लिफ्ट चालू करून देण्याची विनंती केली. मी ती मान्य केली. तीन वाजता मी, मॅनेजर व आई गच्चीवर गेलो. आई येऊ नकोस म्हटले तरी आली. मशीन रूममध्ये मुख्य स्विचवर लाल कुलूप व पाटी होती. पाटीवर वडिलांचा फोटो, तारीख, फोन क्रमांक आणि मजकूर: ‘धोका. चालू करू नये. मी काम करत आहे.’ वर्षभरात त्या क्रमांकावर फोन का केला नाही असे मी विचारले. मॅनेजर म्हणाले, “पाटी वाचायला इथपर्यंत चढणार कोण?” तो फोन आजही चालू आहे व माझ्या पर्समध्ये असतो. तो चार्ज करून का ठेवता, असे साहेबांनी विचारले. त्या प्रश्नाचा तक्रारीशी संबंध नाही.

कुलूप लावणारा गैरहजर असल्यास ते काढायची आमच्याकडे ठरलेली रीत आहे. तो माणूस का येऊ शकत नाही हे जागेच्या प्रमुखाने स्वतःच्या हाताने लिहून, सही-शिक्का करून द्यायचे. मग यंत्र तपासायचे, मग कुलूप कापायचे. त्याचा छापील नमुना माझ्या हत्यारांच्या पेटीत असतो. मी तो मॅनेजरांना दिला. त्यांनी लिहिले: ‘कुलूप लावणारे गृहस्थ हयात नाहीत, सबब येऊ शकत नाहीत.’ सही केली. शिक्का आणायला स्वतः पाच जिने खाली जाऊन परत वर आले.

मी पट्टी मोजली. एक पूर्णांक नऊ दशांश मिलिमीटर भरली. वडिलांच्या नोंदीत दोन लिहिले होते. ते अशा ठिकाणी पूर्ण आकडा लिहीत. मी लिहीत नाही. त्यानंतर मी कुलूप कापले. नवीन पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. ती बसवून, चाचणी घेऊन लिफ्ट चालू करून दिली. मॅनेजरांनी आईला पहिली फेरी मारायला लावली.

नमुन्याच्या तीन प्रती निघतात. तिसरी प्रत मी कलम २२ खालील अर्जाला जोडली आणि पहिल्याच दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी स्वागत कक्षात देऊन पोच घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मुख्य कार्यालयाचे उत्तर आले: रिसॉर्ट प्रमुखांच्या लेखी निवेदनानुसार सभासद हयात नाहीत, करार संपुष्टात. साडेअकराला मॅनेजर तक्रार देण्यास या ठाण्यात आले व आम्हाला बोलावणे आले.

कुलपाची चावी माझ्याजवळ होती काय, असे विचारले. होय. वडिलांच्या जुडग्यात होती, जुडगा माझ्या पर्समध्ये होता. “बघा साहेब,” मॅनेजर म्हणाले, “चावी खिशात, आणि माझ्याकडून कागद लिहून घेते.” यावर माझे म्हणणे असे की, चावी हातात आली म्हणून अधिकार येत नाही. दुसऱ्याचे कुलूप चावीने उघडले तर तो माणूस स्वतः येऊन गेला असा अर्थ होतो. ते येऊन गेले नव्हते. हा नियम मला त्यांनीच शिकवला.

या सहीचा टाइमशेअरसाठी उपयोग होईल हे आधी ठाऊक होते काय, असे विचारले. नमुना पेटीतून काढताना ठाऊक नव्हते. मॅनेजर शिक्का आणायला गेले तेव्हा लक्षात आले. त्यांना थांबवले नाही.

साहेबांनी मॅनेजरांना विचारले की लिहिलेला मजकूर खोटा आहे काय. मॅनेजर म्हणाले, “खोटा कसा असेल? पण तो लिफ्टपुरता होता. टाइमशेअरसाठी ते हयात धरावेत.”

साहेब म्हणाले, “धरू. मग ते येईपर्यंत लिफ्टला पुन्हा कुलूप लावू?”

मॅनेजरांनी तक्रारीचा कागद साहेबांकडून परत मागितला. मग त्यांनी तक्रार मागे घेत असल्याचे सांगितले. मला त्यांच्याविरुद्ध काही तक्रार द्यायची आहे काय, असे विचारले. नाही. लिफ्टची पुढील तपासणी सहा महिन्यांनी करून घ्यावी, एवढेच.

करार संपल्यामुळे फ्लॅट क्रमांक १४ आज सायंकाळी पाच वाजता रिकामा करायचा आहे. आठवड्याचे चार दिवस शिल्लक होते, ते गेले. हे आईला आत्ता, या ठाण्यात समजले. ती म्हणाली की फ्लॅटला तळ्याकडची गॅलरी आहे, ओल कुठेही नाही आणि दोन दिवसांत गुडघा एकदाही दुखलेला नाही. “अकरा वर्षं त्यांनी येऊ दिलं नाही, आणि आता तू राहू देत नाहीस. चार दिवस थांबून दिला असतास अर्ज, तर काय बिघडलं असतं?”

हा जबाब मला शब्दशः वाचून दाखवला. आईच्या शेवटच्या प्रश्नाचाही तक्रारीशी संबंध नाही. बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर लिहिले आहे.