नुसता पाला

ग्रेगर: आजच्या दिवशी तू इथे कशाला आलीस, मोराग?

मोराग: पाटी वाचली फाटकावरची. ‘हरिणपालकांचा मेळावा. लसूणघासाशिवाय हिवाळा कसा काढावा.’ म्हटलं, आपणही हरणं सांभाळलीत. एकोणीस वर्षं, तुमचीच.

ग्रेगर: आणि गेल्या हिवाळ्यात माझी एकतीस पाडसं घालवलीस.

मोराग: म्हण, पुन्हा म्हण. जीभ सरावलीय तुझी.

ग्रेगर: मी नाही, प्रयोगशाळेचा रिपोर्ट म्हणतो. आपण चारलेल्या बीटमध्ये अठरा टक्के प्रथिनं. वाढत्या पाडसाला सतरा पुरतात. चारा चांगलाच होता. तू कुंपणाची तार वेळेवर पुढे सरकवली नाहीस, ताज्या चाऱ्यापर्यंत पोचता न आल्याने पाडसं उपाशी मेली.

मोराग: तपासायला काय पाठवलं होतंस?

ग्रेगर: बीट.

मोराग: बीटचा पाला. हिमात जे चार हिरवे शेंडे वाचले होते, तेवढे सुरीने कापून पिशवीत भरलेस. मी बघत होते. वाटलं, कोंबड्यांना नेतोय. पाडसांपुढे राहिले गड्डे. नुसती साखर, आणि वर सातूचं काड. पोटं टम्म, आणि पाठीचा मणका न् मणका मोजून घ्यावा.

ग्रेगर: कोण ठेवणार तुझ्यावर विश्वास?

मोराग: तू हाकललंस त्या दिवशी एक आख्खं रोप उपटून नेलं, गड्ड्यासकट. त्याच प्रयोगशाळेत दिलं. नऊ टक्के. हा बघ कागद.

ग्रेगर: हा गेल्या हिवाळ्यातला आहे! तेव्हाच का नाही आणलास?

मोराग: तेव्हा तू एकटा होतास. मला गर्दी हवी होती.

ग्रेगर: हे बघ, उद्यापासून कामावर ये. पुन्हा लसूणघास लावतो. बाबांनी तुला घरचं मानलं होतं...

मोराग: तुझ्या बाबांनी लसूणघासाचा तो पट्टा जिवापाड जपला. कारभार हाती आल्यावर तू पहिल्याच वर्षी त्यावर नांगर घातलास. काम नकोय मला तुझं. विंटनच्या शाळेत फरशा पुसते मी, हरणांच्या जवळपास कुणी उभं करत नाही. मला तुझी मान खाली गेलेली बघायचीय.

ग्रेगर: चाळीस माणसांसमोर?

मोराग: तीच चाळीस माणसं तुझं ऐकून घरी जातील आणि आपल्या पाडसांनाही गड्डेच घालतील. तू सांगतोस, की मी हा कागद वाचू?

(लोक शेडमध्ये येऊन बाकांवर बसले.)

ग्रेगर: मंडळी, चाऱ्याकडे वळण्याआधी एक सांगायचंय. गेल्या हिवाळ्यात आमची एकतीस पाडसं गेली. नमुन्यात जरा गफलत झाली होती.

मोराग: झाली होती?

ग्रेगर: मी केली. जाणूनबुजून. नुसता पाला पाठवला. मोरागचा त्यात काही दोष नव्हता.

मोराग: जरा मोठ्यांदा, ग्रेगर. मागच्यांना ऐकू येत नाहीये.