गाणं कुणी लावलं?

बायकोसाठी रेडिओवर फर्माईश पाठवायचा विचार असेल, तर आधी माझं ऐका.

लग्नाच्या वाढदिवसाला हिला महाबळेश्वरला न्यायचं सोडून मी आमच्या जुन्या व्हॅनमधून मुळशी धरणावर आणलं होतं. गाडीत गादी होती, स्टोव्ह होता, आणि ही तोंड फिरवून बसली होती. तिचा रुसवा काढायला मी गुपचूप एफएमवर फर्माईश पाठवलेली. संध्याकाळच्या कार्यक्रमात आमची नावं येणार, आणि रेडिओत नुसती खरखर!

गाडी पुढे घेतली, मागे घेतली, तिरकी लावली. ज्यांच्या शेतात थांबलो होतो ते आजोबा म्हणाले, "हितं डोंगर आडवा येतोय. एरिअलला तार बांधा अन् टपावर चढा की."

चढलो. तार हातात धरली की आवाज स्वच्छ, सोडली की खरखर. माझा जीव नुसता वरखाली. शेवटी निवेदिका म्हणाली, "पुढचं गाणं एका नवऱ्यानं आपल्या बायकोसाठी सांगितलंय. त्यांचं नाव..."

हिचा चेहरा बघायला मी खिडकीकडे वाकलो, आणि तार सुटली. परत पकडेपर्यंत गाणं सुरू झालं होतं.

"अहो," ही आतून म्हणाली, "बघा, लोक बायकोसाठी काय काय करतात!"

"अगं, हे गाणं मीच लावलंय!"

"माहितीये. मघापासून तार धरून तुम्हीच तर उभे आहात. आता संपेपर्यंत हलू नका."