द्वारकामावशींनी थांबवलेली गाडी

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या केंद्राचे संस्थापक माननीय सुधाकरराव. पहाटे हैदराबादहून निघून एवढ्या लांब आलेल्या, विमानांत जेवणाचं सामान पुरवणाऱ्या कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या आदरणीय भाग्यलक्ष्मी मॅडम. जिच्या निरोपासाठी आज हा मांडव घातला ती आमची द्वारकामावशी. शिवण, इस्त्री आणि पॅकिंगमधल्या माझ्या सगळ्या बहिणी-वहिन्या. आणि मागे दाराजवळ उभे असलेले आपले ड्रायव्हर पंढरीदादा, दादा, पुढे खुर्ची रिकामी आहे, या, बसा. सर्वांना माझा नमस्कार आणि जय भीम.

मी अर्पिता. पाहुण्यांसाठी थोडं सांगते. बोथ गावातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये बत्तीस बाया पांढरे सुती रुमाल शिवतात. ते विमानात जेवणाच्या ताटाबरोबर दिले जातात. रुमाल शिवून बॉक्समध्ये भरले, बॉक्सला नंबराचं सील लागलं आणि गाडी निघाली, की त्या मालात कोणी काही मिसळू नये ही जबाबदारी आपली असते. ती कशी पाळायची हे बायांना शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून ते मिळालं. शिकवण्याआधी मी स्वतः हैदराबादला पाच दिवस शिकून आले. तिथे कुंपणापाशी उभी राहून मी पहिल्यांदा विमान जवळून पाहिलं. आपल्यासारख्याच एका गाडीतून त्याच्या पोटात बॉक्स चढत होते. मग ते एवढं मोठं लोखंड पळत सुटलं आणि उठलं. वाटलं, तामसी गावात शेतात निंदण करणाऱ्या बाईची मुलगी मी, आणि माझ्या भरवशावर हे वर जाणार?

परत आल्यावर पहिल्या वर्गात मी फळ्यावर नियम लिहिले. द्वारकामावशी तेव्हा पॅकिंगच्या प्रमुख होत्या, वयाने सगळ्यांत मोठ्या. त्या म्हणाल्या, "पोरी, रुमालात आमी काय ठेवून राह्यलो? दोरा?" सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "मावशी, आपण नाही ठेवत. पण आपलं लक्ष नसताना दुसरं कोणी ठेवू शकतं."

त्यांनी हातातला रुमाल खाली ठेवला. मग विचारलं, "एका इमानात किती मानसं असतात?"

"पावणेदोनशे धरा."

"म्हणजे आमच्या गावाची आर्धी वस्ती," त्या म्हणाल्या. "अन् त्याच्यातल्या एकालेबी मी ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली पिशवी, पानाचा बटवा सगळं बाहेर खुंटीला अडकवलं आणि हात हलवत आत आल्या. कोणी सांगितलं नव्हतं. नियम मी वाचले होते, मावशींना ते समजले होते. या दोन्हींत किती अंतर असतं ते मला पुढे कळलं.

मावशींना तेव्हा अक्षरं येत नव्हती. आकडे येत. भैंसा गावातल्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात त्यांनी अठरा वर्षं गठाणींवरचे आकडे पाहिले होते. सीलवरचे सहा आकडे त्या बोटाने चाचपत, ओठात म्हणत, मग वहीतल्या आकड्यांशी जुळवत. चौसष्ट बॉक्स असतील तर चौसष्ट वेळा. पहिल्या बॉक्सला जेवढा वेळ, शेवटच्यालाही तेवढाच. मी हे शंभर वेळा पाहिलं असेल, तरी दर वेळी पाहत उभी राहायचे.

आता एक गोष्ट सांगते. ती तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतं.

आपल्याकडे जाणाऱ्याच्या हाती काही द्यायची रीत आहे. तामसीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी पाहा, कोणाची औषधं, कोणाचा डबा, कोणाच्या लेकीची साडी. "तिकडंच चालले ना, तेवढं घेऊन जा" म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. वर्गात एका वहिनीने विचारलंही होतं, "पोरीसाठी लोनचं द्याचं असलं तं?" मी ठासून सांगितलं होतं, या गाडीत नाही. बोटभर चिठ्ठीसुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वी आपला चाचणीचा माल निघाला. तो दुपारी दोनच्या आत हैदराबादला कंपनीच्या फाटकातून आत गेला, तरच वर्षाचा करार होणार होता. सकाळचे सहा वाजले होते. शेडमध्ये मावशी, पंढरीदादा आणि मी, तिघंच. चौसष्ट बॉक्स चढले, सील जुळली, दाराला कुलूप लागलं. मग मावशींनी वर्गात शिकल्याप्रमाणे गाडीभोवती एक फेरी मारली, केबिनमध्ये डोकावल्या आणि सीटखालून फडक्यात बांधलेला एक डबा काढला.

"हा कोनाचा?"

पंढरीदादा म्हणाले, "अर्पिता मॅडमचा हाय मावशी. त्याहिच्या माईनं शीतलसाठी अंबाडीची चटनी देली."

शीतल माझी बहीण, हैदराबादला नर्सिंग शिकते. हो, डबा मीच दिला होता. आईने पहाटे उठून चटणी केली होती, गाडी तिकडेच चालली होती. मला त्यात काही चूक दिसलीच नाही. फळ्यावर नियम लिहिणारी मी, आणि माझा हात बसच्या ड्रायव्हरकडे डबा द्यावा तसा सहज पुढे गेला.

"मॅडमचा असो नाहीतं मंत्र्याचा," मावशी म्हणाल्या. "गाडीत काऊन हाय?"

मी खालच्या आवाजात म्हटलं, "मावशी, मालात नाही, केबिनमध्ये आहे. मी काढून घेते. कोणाला कळणार आहे?"

"मले कळलं ना."

"करार जाईल, मावशी. बत्तीस जणींचं काम आहे."

"गाडीत न लिवलेली चीज सापडली तं सारा माल उघडाचा, असं तूच सांगतलं. ते खरं होतं, का फळा भरासाठी होतं?"

मावशींनी स्वतः भाग्यलक्ष्मी मॅडमना फोन लावला. बाजारात शिकलेल्या तेलुगूत म्हणाल्या, "मॅडम, बंडी आपेसिनम्." गाडी थांबवली. मॅडम, तुम्हाला तो फोन आठवत असेल.

मग त्या मला म्हणाल्या, "आता वहीत तुह्या हातानं लिव. डबा कोनाचा, कोनं देला. मंग मी आंगठा देतो."

मी लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं: 'वाहनात डबा आढळला. डबा अर्पिताच्या आईचा. अर्पिताने चालकाकडे दिला.' मावशींनी मान हलवली आणि अंगठा उमटवला.

पण वहीत ते नव्हतं. वहीत मी लिहिलं होतं: 'वाहनात अनोळखी डबा आढळला. कोणी ठेवला ते कळले नाही.'

होय. ज्या बाईला वाचता येत नव्हतं, तिला मी खोटं वाचून दाखवलं.

नंतर बाया आल्या, चौसष्ट बॉक्स उघडून पुन्हा बांधले, गाडी संध्याकाळी पोचली, चाचणी रद्द झाली. दुसरी चाचणी होईपर्यंत वीस दिवस शेड बंद होतं. तेव्हा इथल्याच काही जणी म्हणाल्या होत्या, "एका डब्यापायी घरी बसवलं या बुडीनं." मावशींनी एकदाही माझं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणायच्या, "ज्याचं नाव लिवाचं ते वहीत लिवलं हाय." त्यांना तसंच वाटत होतं. मी लिहिलेल्या 'कळले नाही'वरून चौकशी झाली. पंढरीदादा, तुम्हाला डबा कोणाचा असं विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी मान खाली घातली आणि तुम्ही गप्प राहिलात. दोन महिने तुमच्या हातात गाडी दिली नाही; मावशींना वाटलं, डबा घेतला म्हणून. आणि करार झाल्यावर कंपनीने माझ्या प्रशिक्षणाचं कौतुक करणारं पत्र पाठवलं. ते ऑफिसच्या भिंतीवर काचेत लावलेलं होतं. आज सकाळी मी ते काढलं. मॅडम, तुमच्या पुढ्यातल्या टेबलावर आहे ते.

गेल्या वर्षी मावशी म्हणाल्या, आता अक्षरंबी शिकव. दुपारच्या सुट्टीत मीच शिकवली. साठीला टेकलेली बाई 'क' गिरवताना पाहून मला वाटायचं, मी केवढं मोठं काम करते आहे. गेल्या मंगळवारी वह्या सोपवायच्या म्हणून त्या पहिल्या पानापासून वाचायला बसल्या. अक्षराखाली बोट, सीलवर असायचं तसंच. दुपारी बोट त्या पानावर, त्यांच्याच अंगठ्यापाशी थांबलं. मी समोर बसले होते. त्या हळू म्हणाल्या, "कळले नाही." मग पुन्हा एकदा, "कळले नाही." आणि वही मिटली.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना दारात थांबून त्या एवढंच म्हणाल्या, "माह्या निरोपाचं भाषन तूच करशीन ना? मंग खरं सांगजो."

मी पहिल्यांदा विमान पाहिलं तेव्हा वाटलं होतं, याहून मोठं काही असू शकत नाही. आता वाटतं, ते ज्यांच्या भरवशावर वर जातं ती माणसं मी तेव्हा पाहिली नव्हती.

ती वही मी बरोबर आणली आहे. वहीत खाडाखोड करायची नाही, चूक झाली तर खाली तारीख टाकून नवी नोंद करायची, हा आपलाच नियम. तशी नोंद मी आज सकाळी केली. डबा माझा होता असं लिहून पंढरीदादांवरचा संशय काढला आहे. हे काम माझ्याकडे ठेवायचं की नाही, ते भाग्यलक्ष्मी मॅडम आणि सुधाकररावांनी ठरवावं. जे ठरेल ते मला मान्य आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं, मांडवासाठी पॅकिंगच्या बाया काल दिवसभर राबल्या, सर्वांची मी आभारी आहे. भाषण संपवताना चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायची आपली रीत आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर ते जरूर पोटात घाला. पण डब्याची चूक घालू नका. ती वहीतच राहू द्या.

मावशी, इकडे या. वही घ्या. या वेळी मी वाचून दाखवणार नाही, तुम्ही वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि पटलं तर खाली सही करा. शाईचा डबा मी आणलेला नाही. पेन आणला आहे.