इंदुमतीचं संमतिपत्र

सोनागिरीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर सायबर सुरक्षा शिकणारी दोघं बोलत होती.

"रेवती, ग्रुप लीडर तू. हॅकरला फसवायला आपण ती खोटी इंदुमती बनवली ना, तिचा मेल कोण वापरतं?"

"कोणीच नाही. नुसतं आमिष आहे ते. पासवर्ड फक्त माझ्याकडे. का रे निनाद?"

"काल रिसर्चमधल्या सगळ्या लोकांना संमतिपत्रं पाठवली. चुकून तिलाही गेलं."

"मग?"

"उत्तर आलं, यार."

"हॅकर असेल! लॉग बघितलास?"

"दोनदा. तिच्या मेलमध्ये कोणी शिरल्याची नोंदच नाही."

"लिहिलंय काय?"

"‘संमती नाही. मला बनवण्याआधी विचारायला हवं होतं.’"