पाइपला हात लावा, मग चहा

चहाला घरी न बोलावता हॉटेलात का, असं विचारताय ना? आमच्या हिला आठवडाभर गॅसच्या पाइपला हात लावला की झिणझिण्या येत होत्या. मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. पाइप घट्ट धरून पाहिला. काही नाही.

"वयानं होतं असं," म्हणालो.

"व्हय? वय काय मला एकटीलाच झालंय?"

काल सहज खिडकीबाहेर पाहिलं. शेजारच्या अण्णांनी यंत्रमागाच्या अर्थिंगची तार आमच्या पाइपला गुंडाळलेली!

"अण्णा, आधी माग बंद करा!"

"का ओ सर? लोखंडी पाइप जमिनीतच जातोय न्हवं?"

"जमिनीत तो प्लास्टिकचा आहे! मागातून गळणारी वीज जमिनीत न जाता पाइपातच राहतेय!"

मग मला झटका का नाही? पायांकडे पाहिलं आणि घाम फुटला. टाचदुखीमुळे मी घरातही रबरी चप्पल घालतो. देव्हारा स्वयंपाकघरातच, म्हणून ही तिथं कायम अनवाणी. आठवडाभर ओल्या फरशीवर!

माग थांबला, तार निघाली. ही म्हणाली, "आता चप्पल काढून तुम्ही हात लावा, मग चहा ठेवते."

चप्पल काढली. हात पुढे जाईना. खात्री तर मला आधीही होतीच की.